बडे भाई : डॉ. व्हेरिअर एल्विन आणि कवडीचे देणेघेणे

घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी हिंदुस्थानात जावयाचे, असा निर्धार करून पंचवीस वर्षांचा एक इंग्रज धर्मगुरू १९२७ च्या अखेरीस या देशात आला. आपल्या कुळातील आणि आपल्या राष्ट्रातील पुष्कळांनी या भूमीतून पैसा व मानमरातब मिळवून नेला; निदान एकाने तरी येथे येऊन त्याची भरपाई करावी, असे त्याच्या मनाने घेतले होते. व्हेरिअर एल्विन हे त्याचे नाव. पुढे सुमारे छत्तीस वर्षे ते या देशात राहिले, येथील नागरिक झाले आणि येथेच मरण पावले.

देणे सोपे नाही, हे आपण सारे जाणतो. परंतु सन्मानाने घेणे त्याहून अवघड असते, आणि एल्विन यांचे अर्धे आयुष्य ते शिकण्यात गेले. त्यांचे शिक्षक होते मैकल डोंगरांतील गोंड व परधान, आणि बस्तरच्या अरण्यातील मुरिया व मारिया. गळ्यात कवड्या, केसांत लाकडी फण्या आणि घरात उद्याचे धान्य नाही, अशी ही माणसे. बस्तर आमच्या छत्तीसगडात येते व मैकलची रांग आमच्या सीमेवर उभी आहे. म्हणून रायपुरात राहणाऱ्याला हे चरित्र परके वाटत नाही. आपल्या मंडळ्यांतून एल्विन यांचे नाव सहसा निघत नाही. निघालेच तर दीक्षा सोडून गेलेला मनुष्य एवढीच त्यांची ओळख दिली जाते. ती खोटी नाही, पण ती फार अपुरी आहे.

एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर या बंदराच्या गावी झाला. वडील एडमंड एल्विन हे आफ्रिकेतील सिएरा लिओनचे अँग्लिकन बिशप. १९०९ साली ते वारले तेव्हा व्हेरिअर अवघे सात वर्षांचे होते. आईने मुलांना कडक सुवार्तावादी शिस्तीत वाढविले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात त्यांनी प्रथम इंग्रजी साहित्यात व नंतर ईश्वरविज्ञानात पहिला वर्ग मिळविला, दीक्षा घेतली, आणि १९२६ मध्ये विक्लिफ हॉल या धर्मशिक्षण संस्थेचे उपप्राचार्यपद त्यांच्याकडे आले. पुढचा मार्ग सरळ दिसत होता. तो सोडून ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले.

हा संघ जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे सुरू केला होता. आपल्या रेव्हरंड टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे विन्स्लो ते हेच. भारतीय पोशाख, भारतीय आहार, जमिनीवर बसून उपासना आणि गोरा-काळा हा भेद न मानता एकत्र राहणे, ही संघाची रीत. १९२८ च्या जानेवारीत एल्विन साबरमतीला गेले व गांधीजींना भेटले, आणि त्या भेटीने त्यांचे मन पालटले. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांनी उघडपणे काँग्रेसची बाजू घेतली. इंग्रज धर्मगुरूने असे करावे, हे सरकारला रुचले नाही आणि चर्चच्या वरिष्ठांनाही.

याच संघात त्यांना शामराव हिवाळे भेटले. मराठी ख्रिस्ती घरातला हा तरुण दीक्षेच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेला होता. तो अभ्यास अर्धवट टाकून एल्विन यांच्या सोबतीला परत आला. एल्विन यांच्याविषयी जगभर लिहिले गेले आहे, पण त्यांचे घर, दवाखाना व शाळा ज्याने वर्षानुवर्षे चालविल्या तो मनुष्य आपल्यातला होता, हे मराठी ख्रिस्ती वाचकांना ठाऊक असावयास हवे.

अस्पृश्यांमध्ये काम करावे असे एल्विन यांच्या मनात होते. जमनालाल बजाज व सरदार पटेल यांनी त्यांचे लक्ष गोंडांकडे वळविले, कारण त्यांच्याकडे कोणीच गेलेले नव्हते. १९३२ च्या जानेवारीअखेर एल्विन व शामराव मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी पोहोचले. त्या वेळी हा सारा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे. राजधानी नागपूर, बिशपही नागपूरचे. नकाशावरच्या आजच्या रेषा तेव्हा नव्हत्या, आणि मराठी माणसाला मंडला, बिलासपूर, रायपूर हे जिल्हे परमुलूख वाटत नसत.

करंजियात दोघांनी टेकडीवर मातीच्या झोपड्या बांधल्या, शाळा उघडल्या, दवाखाना घातला, आणि कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभारला. सेवेचे हे सर्व प्रकार आपल्या ओळखीचे आहेत. सोबत आश्रमातून आणलेली सूतकताई व दारूबंदीही होती. मात्र त्या थंड पठारावर कापूसच पिकत नव्हता, तेव्हा चरखा कशाला चालवावयाचा? आणि मोहाच्या फुलांची दारू गोंडाच्या जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक विधीत लागे; देवाला ती द्यावी लागे, सोयऱ्याला द्यावी लागे, पंचांना द्यावी लागे. आपण आणलेल्या देणग्यांपैकी काहींची येथे गरज नाही, हे एल्विन यांना हळूहळू उमगले. मग ते द्यावयाचे थांबून पाहू लागले. त्यांच्यातला संशोधक येथे जन्मला.

प्रथम त्यांना दिसले ते परधान. परधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचे तंतुवाद्य खांद्याला अडकवून परधान आपल्या गोंड यजमानाच्या दारी ठराविक वर्षांनी येतो, बडा देवाची व गोंड राजांची गाणी गातो, आणि यजमान त्याला धान्य, वस्त्र, दागिना, जमल्यास गाय किंवा बैल देतो. परक्याला ही भीक वाटेल. पण त्यांची कथा सांगते की गोंड भाऊ सात होते. रुसलेला बडा देव साजाच्या झाडात जाऊन बसला, तेव्हा धाकट्या भावाने बाना वाजवून त्याला प्रसन्न केले. त्या धाकट्याचे वंशज परधान. म्हणून थोरल्याच्या घरातील वाटा मागण्याचा धाकट्याला हक्क आहे, आणि तो मागावयास आला नाही तर थोरल्यालाच कमीपणा येतो. आपल्याकडील बलुतेदार, वासुदेव, गोंधळी यांच्या देण्यामागेही हाच विचार होता. आपण शहरात आलो आणि तो विसरलो. या व्यवहारासह परधानांच्या साऱ्या जीवनाचे वर्णन शामरावांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केले आहे. तो ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो.

गोंडांनी एल्विन यांना नाव दिले बडे भाई, आणि शामरावांना छोटे भाई. सात भावांची कथा माहीत असणाऱ्या लोकांनी दिलेली ही नावे आहेत. थोरल्या भावाने द्यावयाचे असते हे खरे. पण तो कुटुंबातलाच असतो, त्यालाही वाढलेले ताट नाकारता येत नाही.

याच वर्षांत चर्चशी असलेला संबंध तुटत गेला. राजनिष्ठेची शपथ घेतल्यावाचून आपल्या प्रांतात सेवेचा परवाना देणार नाही, अशी नागपूरच्या बिशपांची भूमिका होती, आणि ती शपथ घेण्यास एल्विन तयार नव्हते. आदिवासींना ख्रिस्ती करून घेणे हे आपले काम नव्हे, हेही त्यांनी मनाशी ठरविले होते. १९३५ च्या अखेरीस त्यांनी दीक्षा परत केली व चर्चही सोडले. याबद्दल त्यांना माफ करावे की नाही, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो. माझ्या मते दोन्ही बाजूंची मने त्या वेळी थोडी अधिक मोठी असती, तर चर्चने एक मनुष्य गमावला नसता. पण इतिहासात जर-तरला जागा नसते.

आता बस्तरकडे वळू. १९३५ नंतर एल्विन बस्तर संस्थानात जाऊ लागले. १९४० मध्ये संस्थानाने त्यांना मानद मानववंशशास्त्रज्ञ नेमले, आणि इंद्रावतीच्या चित्रकोट धबधब्याजवळ त्यांनी काही काळ घर केले. जगदलपूरला तेव्हा रेल्वे नव्हती. रायपूरहून धमतरी, कांकेर व केशकालचा घाट ओलांडून सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता काटावा लागे. बस्तरमध्ये बोलली जाणारी हलबी ही मराठीला फार जवळची बोली आहे. ग्रिअर्सन यांनी भाषांच्या पाहणीत तिला मराठीशेजारीच बसविले होते. मराठी माणसाला ती पहिल्याच दिवशी निम्मी कळते आणि उरलेली निम्मी कळावयास फार दिवस लागतात.

बस्तरमध्ये एल्विन यांनी जे पाहिले त्यात कवडी सर्वत्र होती. दंडामी मारियांचा नाचातला शिरपेच ज्याने एकदा पाहिला तो विसरणार नाही. गव्याची दोन शिंगे, त्यांवर मोरपिसांचा तुरा, आणि कपाळावरून तोंडापुढे लोंबणाऱ्या कवड्यांच्या सरी. नाचताना त्या सरी डोलतात व चेहरा झाकतात. असा शिरपेच बाजारात विकत मिळत नसे. तो बापाकडून मुलाकडे येई. मुरिया तरुणांच्या कमरपट्ट्यांवर, डोक्याच्या पट्ट्यांवर आणि पिशव्यांवरही कवड्या शिवलेल्या असत.

कवडी ही काही बस्तरच्या नदीत सापडणारी वस्तू नव्हे. ती मालदीव बेटांच्या समुद्रातली. जहाजांतून ती बंगाल व ओरिसाच्या बंदरांत उतरे आणि तेथून बैलांच्या पाठीवरून आत येई. पूर्व हिंदुस्थानात ती कित्येक शतके नाणे होती. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहण, आणि ओरिसात चार काहणांचा एक रुपया, असा सरकारी हिशेब होता. म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या. १८०३ मध्ये ओरिसा जिंकल्यावर कंपनी सरकारने सारा रुपयांत मागितला. कवडीचा बाजारभाव घसरला, शेतकरी नागवला गेला, आणि १८१७ च्या पाइकांच्या उठावामागे हेही एक कारण होते. आपल्या भाषेत कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी हे शब्द राहिले आहेत ते या नाण्याच्या उतरत्या काळाची साक्ष देतात. बाजाराने टाकून दिलेली कवडी डोंगरातल्या माणसांनी मात्र जवळ ठेवली. नाणे म्हणून तिचा मान संपला तरी अलंकार म्हणून टिकला.

हे चित्र केवळ बस्तरचे नाही. रायपूर-बिलासपूरकडे दिवाळीनंतर राऊत लोक नाचत येतात तेव्हा त्यांच्या अंगात कवड्यांनी मढविलेली बंडी असते. राऊत आपल्या मालकाच्या गाईंच्या गळ्यात पळसाच्या मुळांच्या तंतूंची सोहई बांधतो, त्याच्या घराला आशीर्वाद देतो, आणि मालक त्याला धान्य व वस्त्र देतो. छत्तीसगडात मैत्रीसुद्धा विधीने जोडली जाते. जगन्नाथपुरीचा वाळलेला भात एकमेकांच्या तोंडी घालून दोघे जण जन्माचे महाप्रसाद होतात. श्रावणात उगवलेले भोजलीचे कोंब एकमेकींच्या कानांत खोवून दोन मुली भोजली होतात. त्यानंतर परस्परांचे नाव घ्यावयाचे नाही, त्या नात्यानेच हाक मारावयाची. जात वेगळी असली तरी सुखदुःखात हजर राहावयाचे, आणि मुलांनीही ते नाते पाळावयाचे. इतक्या लहानशा वस्तूने इतके मोठे ओझे उचललेले पाहून नवखा मनुष्य चकित होतो.

मुरियांच्या घोटुलात, म्हणजे अविवाहित मुलामुलींच्या सामाईक निवासात, एल्विन यांना फणीचे महत्त्व दिसले. तेथील मुलगा लाकडाची फणी कोरतो, तिच्यावर नक्षी काढतो व आवडत्या मुलीला देतो. मुलीच्या केसांत खोवलेल्या फण्या म्हणजे तिला मिळालेल्या स्नेहाची उघड नोंद. मोठ्यांच्या जगातले देणे याहून गंभीर. एका घराने दुसऱ्या घराला मुलगी दिली, तर पुढच्या पिढीत त्या दुसऱ्या घरातून एक मुलगी परत यावी, अशी रीत. तिला दूध लौटावा म्हणतात. दिलेले दूध परत करणे. मुलगी ज्या दुधावर वाढली ते दूधही ऋण आहे, आणि ते फेडावे लागते, असा हा विचार आहे. एल्विन यांचा मुरियांवरील सुमारे सातशे पानांचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. घोटुलातील स्वैर वर्तनाचे त्यांनी जे वर्णन केले, त्यावर ख्रिस्ती आणि हिंदू या दोन्ही समाजांतून टीका झाली, आणि ती सारीच अनाठायी नव्हती. परंतु त्या टीकेच्या गोंगाटात फणी व दूध ही दोन्ही प्रकरणे न वाचलेली राहिली.

कवडी-शंखांच्या अलंकारांचा सर्वांत प्रसिद्ध व्यवहार आपल्या देशातला नाही. न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रोब्रियांड बेटांवर ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की या अभ्यासकाने पहिल्या महायुद्धाच्या काळात मुक्काम केला व १९२२ साली त्याचा वृत्तांत छापला. तेथील लोक होड्यांतून शेकडो मैल समुद्र ओलांडतात, आणि कशासाठी? तांबड्या शिंपांच्या माळा एका दिशेने बेटामागून बेट फिरत राहतात. पांढऱ्या शंखांची कंकणे उलट दिशेने फिरतात. माळ मिळाली की काही काळाने तिच्या तोडीचे कंकण द्यावयाचे. कोणीही वस्तू कायमची ठेवून घेत नाही. घासाघीस करणे हे लाजिरवाणे. ज्याच्या हातून नामांकित माळ गेली त्याचे नाव होते, ज्याने ती दडपून ठेवली त्याची नाचक्की. या व्यवहाराला कुला म्हणतात. याच समुद्रातील मेलानेशियन मिशनचे रॉबर्ट कॉड्रिंग्टन हे अँग्लिकन मिशनरी शिंपांच्या नाण्यांविषयी व देण्याघेण्याविषयी त्याआधीच, १८९१ मध्ये, लिहून गेले होते. मोटा भाषेतील पवित्र शास्त्राच्या भाषांतरात त्यांचा मोठा वाटा होता. ट्रोब्रियांडचे लोक पुढे बहुसंख्येने ख्रिस्ती झाले. कुला त्यांनी सोडले नाही.

येथे आपल्या मंडळ्यांना लागू होणारा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात कवड्यांची माळ म्हटली की तुळजापूरची भवानी आठवते. आराध्याच्या गळ्यातली माळ देवीची खूण असते. त्यामुळे बाप्तिस्मा घेणाऱ्याने ती उतरविली, हे समजण्यासारखे होते. परंतु जेथे कवडी देवाची खूण नव्हती, नुसती आजोबांची आठवण किंवा सोयऱ्याचे देणे होती, तेथेही ती उतरविली गेली. नागा टेकड्यांत श्रीमंत मनुष्य साऱ्या गावाला मेजवान्या देऊन आपली संपत्ती वाटून टाकी आणि त्याबदली विशिष्ट शाल पांघरण्याचा मान मिळवी. दारू व बळी यांमुळे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी त्या मेजवान्या ख्रिस्ती लोकांना मना केल्या. एल्विन यांचा मिशनवरचा राग मुख्यतः यासाठी होता. ही माणसे परमेश्वराच्या नावाने लोकांना दरिद्री करतात, असा त्यांचा आरोप होता. तो एकांगी होता. कुष्ठरोग्यांची सेवा, बोलीभाषांना मिळालेली लिपी, सावकाराच्या तावडीतून झालेली सुटका, हे त्यांनी जमेस धरले नाही. पण आरोपातला एक अंश खरा आहे. मिशनच्या आवारात आपण पुष्कळ दिले आणि फार थोडे घेतले. ज्याच्याकडून काहीच घेतले जात नाही तो मनुष्य कायमचा खालच्या पायरीवर राहतो.

भाषांतराच्या कामात हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. नव्या करारातील ग्रीक शब्द खारिस. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत हा एकच शब्द देवाच्या कृपेसाठी येतो, यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीसाठी येतो, आणि शेवटी देवाचे आभार मानण्यासाठीही येतो. जाणारे देणे आणि परत येणारी कृतज्ञता एकाच शब्दात बांधलेली आहेत. मराठीत आपल्याला कृपा, अनुग्रह, आभार असे वेगवेगळे शब्द घालावे लागतात, आणि मग कृपा एकाच दिशेने वाहणारी वाटू लागते. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौलाने देणे व घेणे हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत, अगदी व्यापाऱ्याच्या वहीतले. आणि शोमरोनी स्त्रीशी प्रभूचे संभाषण सुरू झाले ते तिच्याकडे पाणी मागून. चर्च सोडलेल्या एल्विन यांनी हे दाखले कधी या दृष्टीने वाचले होते की नाही, ते ठरविण्याचे कारण नाही. मुरियांच्या अंगणात बसून ते ज्या गोष्टीकडे पाहत होते ती मात्र हीच होती.

आता त्यांच्या न फेडलेल्या ऋणांविषयी. १९४० साली त्यांनी एका गोंड तरुणीशी आदिवासी रीतीने विवाह केला. ती वयाने त्यांच्याहून फारच लहान होती. गोंडांशी सोयरीक जोडण्याची ही शेवटची पायरी, असे त्यांना वाटले असावे. मुले झाली, पण संसार टिकला नाही, आणि १९४९ मध्ये घटस्फोट झाला. आत्मचरित्रात त्यांनी या विवाहाबद्दल जवळजवळ मौन पाळले आहे. ती स्त्री पुढे अनेक दशके जगली, आणि हलाखीत जगली. दूध लौटावा ही रीत ज्याने जगाला समजावून सांगितली, त्याच्या स्वतःच्या घरचा हा हिशेब अपुरा राहिला. १९५३ मध्ये त्यांनी पाटणगडच्या परधान समाजातील एका स्त्रीशी दुसरा विवाह केला. तो मात्र शेवटपर्यंत सुखाचा झाला.

दुसरे ऋण शामरावांचे. जंगलातील लोकगीतांचे संग्रह दोघांनी मिळून केले. मैकल डोंगरांतील गाण्यांच्या १९४४ च्या ग्रंथावर दोघांची नावे आहेत. शामरावांनी १९४६ मध्ये एल्विन यांचे चरित्रही लिहिले. कीर्ती मात्र थोरल्या भावाकडे गेली. १९५४ मध्ये एल्विन ईशान्येकडे निघून गेले तेव्हा पाटणगडचा पसारा, तेथील शाळा व रुग्ण मागे छोट्या भावाकडे राहिले.

टीका दुसऱ्या बाजूनेही झाली. मालवणकडचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये ग्रंथ लिहून, आदिवासींना वेगळे राखू पाहणाऱ्या विचाराला विरोध केला. ते हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत, असे घुर्ये यांचे म्हणणे. ठक्करबाप्पाही एल्विन यांच्यावर नाराज होते. आदिवासींना संग्रहालयातल्या वस्तूंप्रमाणे ठेवावयाचे आहे, हा आक्षेप त्यांना आयुष्यभर चिकटला.

१९५४ साली एल्विन भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून शिलाँगला राहू लागले. या प्रदेशासाठी त्यांनी १९५७ मध्ये जो धोरणग्रंथ लिहिला त्याला पंडित नेहरूंनी प्रस्तावना दिली. बाहेरचे स्वस्त कपडे व सवयी लादू नका, येथल्या मागांना व दागिन्यांना कमी लेखू नका, अधिकाऱ्याने शिकवण्याआधी शिकावे, असा त्याचा रोख होता. इंग्रज असताना ज्या सरकारविरुद्ध ते उभे राहिले, त्याच्या जागी आलेल्या सरकारला ते आता, घेणे कसे असते, हे सांगत होते. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी निघाले व त्याला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पाटणगडच्या परधानांच्या यजमानांची घरे पुढे गरीब होत गेली, आणि गाय-बैल देण्याची ऐपत फार थोड्यांची उरली. १९८० च्या दशकात याच गावचा जनगड सिंह श्याम हा तरुण भोपाळला गेला व बानावर गायिल्या जाणाऱ्या कथा रंगांनी कागदावर काढू लागला. आज परधानांची चित्रे देशोदेशी जातात. एल्विन यांनी जमविलेल्या वस्तूंपैकी पुष्कळ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. आदिवासींची आभूषणे तेथे काचेमागे ठेवलेली दिसतात. त्यांतली कोणती विकत घेतलेली, कोणती मागून घेतलेली आणि कोणती कोणी बडे भाईंच्या हातात प्रेमाने ठेवलेली, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते.